मांडवी, मामला, सुरत : प्लेगच्या दोन साथींचा इतिहास

महानगरांच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा महानगरांकडे पाहूनच लिहिला जातो. नळाचे पाणी, भुयारी गटारे, इस्पितळे, पालिकेचे ठराव आणि आयुक्तांच्या कारकिर्दी ही त्याची ठरलेली प्रकरणे असतात, आणि ज्या खेड्यांतून शहराला धान्य व मजूर मिळतो ती खेडी त्यात आलीच तर साथीच्या काळात लोक पळून गेले ते ठिकाण म्हणून एखाद्या वाक्यापुरती येतात. १९९४ च्या प्लेगला मात्र हा साचा लागू पडत नाही. त्या वर्षी सुरतेसारखे गजबजलेले औद्योगिक शहर हादरण्यापूर्वी काही दिवस गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण बीड जिल्ह्यात, वडवणीच्या परिसरातील मामला या खेड्यात आढळले होते, आणि त्याच्याही आधी तेथे उंदीर मरून पडू लागले होते. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय त्या साथीचा, आणि एकूणच शहराच्या आरोग्याचा, अर्थ लागणे कठीण आहे.

प्लेग हा मुळात माणसाचा रोग नाही. येर्सिनिया पेस्टिस हा जिवाणू रानातील उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यांच्या अंगावरील पिसवांमार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि रानातले व घरातले उंदीर एकमेकांच्या संपर्कात आले की वस्तीत शिरतो. घरातला उंदीर या रोगाने झपाट्याने मरतो. तो मेला की त्याच्या थंड पडत चाललेल्या शरीरावरील पिसवा नवे रक्त शोधत बाहेर पडतात आणि जवळपास दुसरा उंदीर नसेल तर माणसाला चावतात. त्यानंतर काही दिवसांत ताप येतो आणि जांघेत किंवा काखेत गाठ उठते. जुन्या मराठीत या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत ते या गाठीवरूनच. हाच जिवाणू रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचला तर रोग्याच्या खोकल्यातून तो थेट दुसऱ्याच्या श्वासात जातो; त्याला फुफ्फुसाचा प्लेग म्हणतात, आणि वेळेवर प्रतिजैविक औषध न मिळाल्यास तो जवळजवळ निश्चितपणे प्राण घेतो. गाठीच्या प्लेगला उंदीर व पिसू लागते, फुफ्फुसाच्या प्लेगला केवळ गर्दी पुरते.

मुंबईत हा रोग सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखला गेला तो मांडवी भागात, आणि ओळखणारे डॉक्टर होते गोव्याचे अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ. खाली गोदामे, वर माणसांनी खचाखच भरलेल्या खोल्या आणि मधल्या बोळांत तुंबलेली गटारे अशी तिची रचना होती. वास्तविक वेहारचे नळाचे पाणी १८६० मध्ये, तर तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले होते आणि १८८८ च्या कायद्याने पालिकेला व्यापक अधिकारही मिळाले होते. परंतु पाणी आत आणण्यावर जितका खर्च झाला तितका ते बाहेर काढण्यावर झाला नाही, आणि गिरण्यांसाठी लागणाऱ्या मजुरांना शहराने बोलावले तरी त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी घरमालकांच्या नफ्यावर सोडून दिली.

साथ सुरू होताच पालिकेने आजाऱ्यांना इस्पितळात हलवणे, घरे धुऊन काढणे, सामान जाळणे असे उपाय सुरू केले. इस्पितळ म्हणजे मरणाची जागा, तेथे जातपात आणि इज्जत दोन्ही जातात, अशी लोकभावना असल्याने ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला चढवला. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती कोकण, घाट आणि गुजरातकडे निघून गेली, आणि तिच्याबरोबर रोगही पसरला. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली होती. वाढत्या शहराची संख्या दशकभरात घटावी, ही त्या काळात विरळाच गोष्ट होती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवासी तपासण्याचे, माणसे वेगळी ठेवण्याचे आणि आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचे अधिकार दिले. त्या नियमांनी ज्यांचे नुकसान होईल त्यांच्याविषयी मात्र तो जवळजवळ गप्प राहिला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी केलेली घरझडती, तिच्यातून पेटलेला असंतोष, २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत केलेला हल्ला आणि लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात झालेली दीड वर्षाची शिक्षा हा भाग मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे. त्या मानाने कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पोलिसी जबरदस्ती, सेवा आणि विज्ञान एकाच प्रांताच्या, एकाच ऋतूच्या अवकाशात वावरत होते. लोकांच्या स्मरणात त्यांतली जबरदस्तीच अधिक खोल रुतली, आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक साथीत द्यावी लागली. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढला गेला.

प्लेगनंतर मुंबईला खरी कलाटणी मिळाली ती १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमुळे. दाट वस्त्या पाडायच्या, त्यांतून समुद्राचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या, हा त्याचा कार्यक्रम होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. ज्या काळात डॉक्टरमंडळींचा मोठा वर्ग रोगाचे मूळ जमिनीत, ओलीत आणि कोंदट हवेत शोधत होता त्या काळाला हा कार्यक्रम साजेसाच होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले तरी त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली. मात्र ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या परवडणाऱ्या खोल्या वेळेवर बांधल्या नाहीत, त्यामुळे हुसकावलेली गरीब कुटुंबे शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागली. रस्ते रुंद झाले, खोल्या अरुंदच राहिल्या, असा त्या प्रयोगाचा निकाल द्यावा लागतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतात प्लेगने सुमारे एक कोटी बळी घेतले आणि नंतर तो हळूहळू ओसरला. स्वातंत्र्यानंतर हिवतापाविरुद्धच्या मोहिमेत घरोघरी डीडीटीची फवारणी झाली, तिने डासांबरोबर पिसवाही मारल्या, आणि १९६६ नंतर तर देशात माणसाला प्लेग झाल्याची निश्चित नोंदच उरली नाही. कोणत्याही रोगाच्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत धोक्याचा असतो. उंदीर पकडायचे, त्यांच्या अंगावरील पिसवा विंचरून मोजायच्या, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत धाडायचे, हे काम कंटाळवाणे असते. त्यातून वर्षानुवर्षे काहीच निष्पन्न होत नाही आणि काही निष्पन्न न होणे हेच त्याचे यश असते. अर्थसंकल्पाच्या दृष्टीला मात्र असे यश दिसत नाही. प्लेगवर नजर ठेवणारी पथके ठिकठिकाणी आक्रसत गेली, आणि जे तरुण डॉक्टर ऐंशी-नव्वदच्या दशकांत पदवी घेऊन बाहेर पडले त्यांना प्लेग हा पाठ्यपुस्तकातला रोग म्हणूनच ठाऊक होता.

बीड जिल्हा हा अवर्षणाचा, बालाघाटच्या डोंगररांगांचा आणि ऊसतोड मजुरांचा जिल्हा. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी लागते. या पट्ट्यातील गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागता परत येतात. घरात म्हातारी माणसे, साठवलेली ज्वारी आणि कुलपे एवढेच मागे उरते. अर्धे वर्ष अर्धे गाव रिकामे असणे ही येथील नित्याची स्थिती आहे.

या स्थितीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा केंद्रबिंदू लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर होता आणि मृतांची अधिकृत संख्या आठ हजारांच्या घरात गेली. माणसे मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद असलेल्या घरांखाली. मराठवाड्यातले बहुसंख्य गावकरी अशाच घरांत राहत असल्याने भीती केंद्रबिंदूपाशी थांबली नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातही लोक माळवदाखाली झोपायला धजेनात, आणि मामल्यातील गावकरी तर घरे सोडून बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले. धान्य मात्र घरांतच राहिले. सामसूम घर, भरलेली कणगी आणि मांजर-माणसाचा वावर नाही, यापेक्षा उंदराला अधिक सोयीचे काही नसते. भीती ओसरल्यावर लोक घरांत परतले ते उंदरांच्या एका वाढलेल्या वसाहतीत परतले, असे स्पष्टीकरण पुढे या साथीच्या अभ्यासकांनी दिले. मांडवीच्या गोदामांनी १८९६ मध्ये जे काम केले होते तेच येथे ज्वारीच्या कणग्यांनी केले.

ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्यात उंदीर मरून पडू लागले आणि त्यापाठोपाठ पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी आल्या. जुन्या पिढीतील आरोग्य कर्मचाऱ्याला या दोन खुणा पुरेशा होत्या. पिसवा मारण्यासाठी फवारणी झाली. हा क्रम शास्त्राला धरूनच होता, कारण आधी उंदीर मारले तर बेघर झालेल्या पिसवा माणसांवर तुटून पडतात, म्हणून पिसवांचा नायनाट आधी आणि उंदरांचा नंतर असा नियम आहे. तरीही सप्टेंबरच्या मध्याला ताप आणि जांघेतली गाठ घेऊन रुग्ण येऊ लागले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आसपासच्या गावांत शोध घेतला गेला, नमुने तपासणीसाठी पाठवले गेले. गाठीचा प्लेग औषधाला चांगला दबतो, आणि तेथे तो दबला. एखाद्या खेड्यातील साथ म्हणून एवढ्यावरच तिची नोंद झाली असती आणि बीडबाहेर फारसे कोणाला तिचे नावही कळले नसते.

त्याच आठवड्यात सुरतेत वेगळेच नाट्य घडू लागले. १९९१ च्या जनगणनेनुसार सुमारे पंधरा लाख वस्तीचे हे शहर यंत्रमाग आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या धंद्यावर दोन दशकांत कित्येक पट फुगले होते. ओरिसातील गंजाम, उत्तर प्रदेश, सौराष्ट्र आणि आपला खानदेश येथून आलेले मजूर उधना, लिंबायतसारख्या वस्त्यांत एका खोलीत पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की तिच्याच अंथरुणावर दुसरी येई. पैसा शहरात खेळत होता, पण गटारे, शौचालये आणि कचरा उचलण्याची व्यवस्था त्यामागे कोसभर रेंगाळली होती. सप्टेंबर १९९४ च्या आरंभी तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी शिरले, ते ओसरल्यावर मेलेली जनावरे आणि चिखल दिवसेंदिवस पडून राहिला. याच सुमारास गणेशोत्सवाची गर्दी झाली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड, कतारगाम या भागांतून तीव्र ताप, खोकला आणि रक्ताची थुंकी असलेले तरुण कामगार इस्पितळात येऊ लागले, आणि त्यांतले काही काही तासांत दगावले. डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या प्लेगचा संशय व्यक्त केला.

त्या शब्दाने शहर फुटले. पहिल्या काही दिवसांतच लाखो माणसे रेल्वे, बस, ट्रक, मिळेल त्या वाहनाने सुरतेबाहेर पडली. बाहेर पडणाऱ्यांत खाजगी डॉक्टरही मोठ्या संख्येने होते, आणि ज्यांचे दवाखाने बंद झाले त्यांच्या दारापुढून आजारी माणसे सरकारी इस्पितळाकडे वळली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, कारण निरोग्यांनीही ते साठवले. खानदेशी मजूर तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे आले. मुंबईत स्थानकांवर तपासणी सुरू झाली आणि संशयितांना कस्तुरबा रुग्णालयात ठेवण्यात आले. हे कस्तुरबा म्हणजेच पूर्वीचे आर्थर रोडचे इस्पितळ. १८९६ मध्ये ज्याच्या भीतीने लोक पळत होते तेथे आता संशयित स्वतःहूनही येत होते, हा शंभर वर्षांतला फरक नोंदण्याजोगा आहे.

जगाची प्रतिक्रिया मात्र १८९६ चीच होती. आखाती देशांसह अनेकांनी भारतीय विमानसेवा थांबवल्या, मालाची आयात नाकारली, भारतीय प्रवाशांना विमानतळांवर अडवले. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा यांनी स्वतः भारतात येऊन पाहणी केली. अखेरीस त्या संघटनेकडे झालेल्या नोंदीनुसार संपूर्ण साथीत ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले होते, आणि मृत्यूंपैकी बहुतेक सर्व सुरतेतले होते. त्याच वर्षी देशात क्षयाने आणि अतिसाराने जी माणसे मेली त्यांच्यापुढे हा आकडा नगण्य आहे. पण क्षय विमाने थांबवत नाही.

हा प्लेगच होता का, याविषयी पुढे बराच वाद झाला. काही तज्ज्ञांना रोगाचा प्रसार फुफ्फुसाच्या प्लेगच्या मानाने फार कमी वाटला, काहींनी दुसऱ्या रोगांची शक्यता मांडली. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साथ प्लेगचीच असल्याचा निष्कर्ष काढला, आणि नंतर जिवाणूंच्या जनुकीय तपासणीने त्याला दुजोरा दिला. बीडचा रोग एखाद्या प्रवाशामार्फत सुरतेला पोहोचला, हे त्या वेळी सर्रास बोलले गेलेले म्हणणे मात्र कधी सिद्ध झाले नाही. तसे म्हणण्यात एक सोय होती हे विसरता येत नाही. शहराच्या आजाराचे खापर खेड्याच्या अंगणात फोडले की गटारांचा हिशेब मागितला जात नाही.

सुरतेने तो हिशेब काही महिन्यांनी स्वतःच मांडला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी केलेले काम वर्णन करायला फारसे चमकदार नाही, आणि त्याचे मोल नेमके त्यात आहे. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला आयुक्तासारखे खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले; सर्व वरिष्ठांना रोज काही तास रस्त्यावर फिरणे बंधनकारक केले; बाजाररस्ते रात्री झाडण्याची पद्धत सुरू केली; झोपडपट्ट्यांत फरसबंदी, दिवे आणि पैसे भरून वापरायची शौचालये आली; बड्या धनिकांची अतिक्रमणेही छोट्यांच्या आधी तोडली गेल्याने कारवाईवर लोकांचा विश्वास बसला. दररोज तापाच्या रुग्णांची माहिती दवाखान्यांकडून गोळा करून त्यावरून कोणत्या गल्लीत फवारणी करायची ते ठरू लागले. दीड-दोन वर्षांत देशातील अस्वच्छ शहरांत गणली जाणारी सुरत चंडीगढखालोखाल स्वच्छ शहर म्हणून गौरवली गेली. रँडच्या सैनिकांना जे साधले नाही आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या हातोड्याला जे अर्धेच साधले ते झाडू, हजेरीपट आणि रोजच्या फेरीने साधले. अर्थात, सुरतेजवळ जकातीचा पैसा होता आणि साथीने व्यापाऱ्यांच्या खिशाला झळ बसली होती, या दोन गोष्टींशिवाय ते घडले असते असे मानण्याचे कारण नाही. मामल्याजवळ यांतले काहीच नव्हते.

खेड्यांच्या वाट्याला १९९४ चा जो वारसा आला तो वेगळ्या मार्गाने आणि उशिरा आला. साथ येण्यापूर्वीच्या खुणा टिपणारी यंत्रणा देशाजवळ नाही, हे त्या वर्षी उघडे पडले होते. १९९७ पासून काही जिल्ह्यांत संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये त्याचे रूपांतर एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात झाले. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने ताप, जुलाब, खोकला यांच्या रुग्णांची आठवड्याची आकडेवारी वर पाठवायची आणि आकडा अचानक चढला की जिल्ह्याच्या पथकाने गाव गाठायचे, असे त्याचे स्वरूप होते. उंदीर पडल्याची बातमी आजही आधी गावकरीच देतात. ती ऐकून घेणारे कोणी असावे एवढीच या यंत्रणेकडून अपेक्षा असते.

१९९४ नंतर भारतात प्लेग दोनदा आढळला. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशच्या शिमला जिल्ह्यातील हाटकोटी परिसरात १६ जणांना फुफ्फुसाचा प्लेग झाला आणि त्यांपैकी ४ दगावले; २००४ मध्ये उत्तराखंडातील डांगुड गावात ८ जणांना गाठीचा प्लेग झाला आणि ३ मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळा निदान लवकर झाले, संपर्कातील माणसांना औषध मिळाले, आणि रोग कोणत्याही शहरापर्यंत पोहोचला नाही.